मदत हवी आहे: वाडीची शाळा 'समायोजित' करायला समितीची सही मागताहेत

नमस्कार मंडळी,

आमची वाडी घाटमाथ्यावर, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आहे. वाडीचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्या बाई अजून त्याच शाळेत आहेत आणि त्यांना त्रास व्हायला नको. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, पट नऊ. माझा मुलगा दुसरीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे.

आमची शाळा शिक्षण विभागाच्या ज्या केंद्राखाली (आसपासच्या शाळांच्या गटाखाली) येते तिथून निरोप आलाय की समितीची सभा लावा आणि 'विद्यार्थी हिताच्या दृष्टीने शाळेचे नजीकच्या शाळेत समायोजन करण्यास समितीची हरकत नाही' असा ठराव करून पाठवा. समायोजन म्हणजे आमची शाळा बंद करून मुलं दुसऱ्या शाळेत घालायची. ठराव आम्ही लिहायचाही नाही. मजकूर टाइप होऊन आलाय, खाली फक्त सह्यांच्या जागा मोकळ्या आहेत. बाईंनी तो आम्हाला वाचून दाखवला आणि म्हणाल्या, तुमच्या मनाला पटेल तेच करा. अजून कुणीही सही केलेली नाही. पण 'सही नाही दिली तरी वरून आदेश निघणारच, मग गाडीभत्ताही (मुलांना शाळेत न्यायच्या गाडीचे पैसे) मिळणार नाही' असं आता तोंडी सांगितलं जातंय, आणि दोन घरं घाबरलीत.

नजीकची शाळा म्हणजे खालच्या गावातली. कागदावर अंतर 900 मीटर लिहिलंय. नकाशावर सरळ रेघ मारली तर तेवढं भरत असेलही. पायवाटेने उतार उतरून, ओढा ओलांडून, पलीकडची चढण चढून जायला तीन किलोमीटरच्या वर होतं. आषाढ-श्रावणात ओढ्याला पाणी असलं की मोठी माणसंसुद्धा हाताला धरून पार होतात. वाटेत रान आहे, गवे सर्रास दिसतात. गाडी म्हणतात ती डांबरी सडकेवरून जाणार, आणि डांबर आमच्या वाडीपर्यंत आलेलंच नाही.

पट का घसरला तेही सांगते. वाडीतले बहुतेक पुरुष नवी मुंबईच्या बाजारात कामाला आहेत. शाळा बंद होणार अशी आवई दर दोन-तीन वर्षांनी उठते. 2017 च्या डिसेंबरात दहाच्या आतल्या पटाच्या 1,314 शाळांचं नाव निघालं तेव्हा तीन कुटुंबं मुलांना घेऊन मुंबईला गेली, ती परत आली नाहीत. 2023 मध्ये समूह शाळांचं (लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायचं) पत्र निघालं, 20 किंवा त्याहून कमी पटाच्या 14,783 शाळांचा आकडा पेपरात आला, तेव्हा आणखी दोन पोरं मामाकडे गेली. म्हणजे बंद होण्याच्या भीतीने पट कमी होतो, आणि कमी झालेल्या पटाचं कारण देऊन शाळा बंद करायला निघतात. हे आम्ही कुणाला सांगायचं? पूर्वी जिल्हा परिषद सदस्याच्या दारात जाऊन बसता यायचं. 2022 ला मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत होता. या काळात आमच्या शाळेबद्दल काय ठरत गेलं ते आम्हाला कुणी विचारलंही नाही.

शाळेची जागा वाडीतल्याच एका घराने दिलेली आहे आणि पहिली खोली बापजाद्यांनी श्रमदानातून उभी केली. म्हणून मनाला फार लागतं.

मला हे हवंय: आम्ही नकाराचा ठराव केला तर त्याला काही वजन असतं का? त्यात काय काय लिहावं? ग्रामसभेत आमची वाडी अल्पमतात आहे, खालच्या गावाचे सदस्य जास्त आहेत, तिथे विषय नेणं शहाणपणाचं आहे का? आणि भत्त्याची भीती खरी आहे का? कुणी या अनुभवातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मोबाइलवरून लिहितेय, चुका समजून घ्या.

— घाटमाथ्यावरची आई

निवृत्त केंद्रप्रमुख

ताई, पहिली गोष्ट: टाइप करून आलेला मजकूर म्हणजे तुमचा ठराव नव्हे. ठराव इतिवृत्ताच्या वहीत, सभेत झालेल्या चर्चेनुसार, तुमच्या शब्दांत लिहायचा असतो. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात, पण समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 मध्येच आहे. तो कायदा करताना पालकांना सह्यांपुरतं बसवायचं नव्हतं.

रीतसर नोटीस काढून सभा घ्या, गणसंख्या पूर्ण असू द्या. ठरावात भावनेची वाक्यं कमी आणि मोजमाप जास्त असावं. प्रत्येक घरापासून खालच्या शाळेपर्यंतचं पायी अंतर मोबाइलमधल्या नकाशावर चालत नोंदवा, ओढ्याचे पावसाळ्यातले फोटो तारखेसह लावा, सडक कुठे संपते ते लिहा. मी नोकरीत असताना असे प्रस्ताव वर जाताना पाहिलेत. '900 मीटर' या आकड्याला कुणी लेखी हरकत घेतली नाही तर तो आकडा खरा धरून पुढे सरकतो. पोहोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका. आवक क्रमांक, तारीख, शिक्का हवाच.

दुसरं, पटाचं. 30 सप्टेंबरची विद्यार्थीसंख्या यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीत) जाते आणि संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना, आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. नऊपैकी किती मुलांचं आधार जुळलंय ते बाईंना आजच विचारा. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने मूल गणतीतून गळतं. वाडीत पुढच्या वर्षी सहा वर्षांची होणारी मुलं किती, ही यादी अंगणवाडी सेविकेकडून घेऊन ठरावाला जोडा.

कायद्याचा विद्यार्थी

केंद्रप्रमुख सरांशी सहमत. यात कायद्याची बाजू जोडतो.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा, असं परिसराचं अंतर आहे. तुमची मुलं चौथीच्या आतली, म्हणजे त्यांना एकच किलोमीटर लागू. शिवाय केंद्र सरकारच्या 2010 च्या नियमांत अवघड भूभाग, दरडी, पूर, रस्ता नसणं अशी परिस्थिती असेल तर धोका टळेल अशा बेताने हे अंतर कमी करावं असं म्हटलंय. ठरावात त्याचा दाखला द्या.

परिसरात शाळा उपलब्ध असण्याची जबाबदारी कलम 9 ने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेवर टाकली आहे. तक्रार कलम 32 खाली तिथेच लेखी करायची, निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे. समाधान झालं नाही तर बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. त्याच्या जोडीने माहिती अधिकारात 'समायोजनाचा प्रस्ताव, अंतर मोजणीचा अहवाल आणि तो कुणी कधी तयार केला' एवढंच मागा. विषय एकच ठेवा आणि मजकूर 150 शब्दांत बसवा, नाहीतर अर्ज परत येतो.

भत्त्याबद्दल: सही न केल्याची शिक्षा म्हणून मुलाचा हक्क काढून घेता येत नाही. तोंडी सांगणाऱ्यांना नम्रपणे एवढंच म्हणा, 'हे लेखी द्या'.

आणि 2022 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुलींची स्वतःहून दखल घेतली होती ते आठवतंय का? कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढे जंगलातून चालत त्या शाळेला जात होत्या. शाळेची वाट सुरक्षित असणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, हे सांगायला याहून जवळचं उदाहरण तुम्हाला मिळणार नाही.

इगतपुरीकर

आमच्या तालुक्यातल्या दरेवाडीचं वाचा. भाम धरणाच्या विस्थापितांची वस्ती. शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे पाठवायचं ठरलं, तेव्हा ऑक्टोबर 2022 मध्ये पालक आणि मुलं शेळ्या-मेंढ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली. घोषणा होती, 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या'. शाळा नसेल तर मूल बकऱ्यांमागे जाणार हे त्या चार शब्दांत सगळ्या राज्याला कळलं आणि शाळा परत सुरू झाली. तुमच्याकडे मोर्चाची वेळ येऊ नये, पण वाडी एकत्र राहिली तरच कागदालाही जोर येतो. घाबरलेल्या त्या दोन घरांना आधी भेटा, बाकीचं नंतर.

ग्रामसभेबद्दल: महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. विषय तिथे मांडा. खालच्या गावातल्या बायकाही आयाच आहेत, ओढा त्यांनीही पाहिलाय.

एकशिक्षकी

मी अशाच एका शाळेवर शिकवतो, म्हणून एक बाजू प्रामाणिकपणे मांडतो. वाईट मानू नका. चार इयत्ता, एक शिक्षक, त्यात पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहित्या आणि प्रशिक्षणं. मी रजेवर गेलो की शाळेला कुलूप. तिसरीत एकच मुलगी आहे, तिला बरोबरीचं कुणी नाही. कायद्याच्या परिशिष्टात 60 पटापर्यंत दोन शिक्षक आहेत, पण 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयानंतर 20 च्या आतल्या शाळेचं दुसरं पद पक्कं राहिलेलं नाही. तेव्हा नुसतं 'शाळा बंद करू नका' म्हणून थांबू नका. दुसरा शिक्षक मागा, तोही ठरावातच मागा. शाळा उघडी आहे पण शिकवायला माणूस नाही, अशी अवस्था झाली तर दोन वर्षांत पालक स्वतःच दाखले काढून नेतील.

घाटमाथ्यावरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. एकशिक्षकी सर, वाईट मुळीच वाटलं नाही. आमच्या बाईंचीही हीच ओढाताण रोज बघते. दुसऱ्या शिक्षकाची मागणी ठरावात घालतेच.

बाईंना विचारलं. एका मुलीचं आधार जुळलेलं नाही, वडिलांच्या नावात घोळ आहे. तिला घेऊन तालुक्याला जायचं ठरलंय. अंतर मोजायला वाडीतली कॉलेजची दोन पोरं तयार झालीत. त्या दोन घरांशी काल रात्री बोलणं झालं, एक घर आमच्या बाजूने आलं. दुसऱ्या घरातला दादा म्हणतो, 'गाडी खरंच वाडीत आली असती तर मी सही केली असती, पण ती येणार नाही हे मलाही ठाऊक आहे.' तो सभेला येणार आहे.

केंद्रप्रमुख सर, एकच शंका राहिली. बाई सचिव आहेत. नकाराचा ठराव त्यांच्या हातून लिहिला गेला तर त्यांच्यावर रोष येईल. वहीत लिहायचं काम दुसऱ्या कुणी केलं तर चालेल का?

निवृत्त केंद्रप्रमुख

इतिवृत्त सचिवांनीच लिहावं, नाहीतर उद्या त्यावरच बोट ठेवतील. पण ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक म्हणून पालकांची नावं स्पष्ट लिहा आणि अध्यक्षांची सही घ्या. 'सचिवांनी प्रशासनाचे पत्र सभेपुढे वाचून दाखवले, त्यावर पालक सदस्यांनी एकमताने पुढील ठराव केला' असं वाक्य टाका. बाईंनी आपलं काम केलं आणि निर्णय पालकांचा आहे, हे त्यातून स्वच्छ दिसतं. मसुदा तयार झाला की इथे टाका, गावाचं नाव काढून. रात्री वाचून कळवतो.