पर्वरी ही पणजीची निजायची खोली नव्हे

जुना पर्वरीकर

पणजीच्या मळा या वस्तीतील एका वाचकाने परवा येथे लिहिले की पर्वरी हे ना गाव, ना शहर. ती केवळ पणजीची निजायची खोली आहे आणि तिथली माणसे दिवसभर पणजीचे रस्ते अडवून रात्री मांडवीवरचा पूल ओलांडून झोपायला जातात. दोन दिवस गप्प बसलो होतो, आज राहवत नाही.

मी 1994 साली पर्वरीच्या सड्यावर राहायला आलो तो हौसेने नव्हे. आम्ही पाच माणसे त्याच मळ्यात दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होतो आणि पणजीतले एकही घर माझ्या पगारात बसत नव्हते. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला रुआ द ओरेमची खाडी आणि मध्ये आल्तिनोची टेकडी, एवढ्या चिंचोळ्या जागेत घरे वाढणार तरी कुठे? पर्वरीत आलो तेव्हा घरासमोर चिऱ्यांची जुनी खाण होती. पावसाळ्यात तिच्यात बेडूक ओरडत आणि उन्हाळ्यात आम्ही बादल्या घेऊन टँकरची वाट पाहत असू. माझ्या दोन्ही मुली इथेच वाढल्या, वडील इथेच गेले, आणि चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीला लागणारी रानफळे आम्ही शेजारी आजही एकमेकांत वाटून घेतो. ज्या घरात माटोळी बांधली जाते, त्याला कोणी निजायची खोली म्हणत नाही.

विधानसभा 2000 साली आदिलशाही राजवाड्यातून इथे आली, सचिवालय आले, 2021 मध्ये उच्च न्यायालयाची नवी इमारतही इथेच सुरू झाली. म्हणजे पणजीकरही रोज सकाळी तोच पूल उलट दिशेने ओलांडतात. त्याचा हिशेब आपण केलेला दिसत नाही.

मळ्यातला वाचक

महोदय, आपल्या माटोळीविषयी मी एक अक्षरही लिहिले नव्हते. विधानसभा आणि न्यायालय ही साऱ्या गोव्याची आहेत, ती पर्वरीने उभारलेली नाहीत. ज्या वस्तीतल्या माणसाला चांगल्या मासळीसाठी पणजीच्या बाजारात आणि शुक्रवारी म्हापशाला जावे लागते, तिला मी शहर म्हणणार नाही. 2011 च्या जनगणनेत पणजीची लोकसंख्या 40,017 होती. एवढ्या लोकांपुरते बांधलेले रस्ते आज भोवतालच्या सगळ्या वस्त्यांच्या गाड्या झेलत आहेत, आणि घरपट्टी मात्र आपण आपल्या पंचायतीत भरता.

मी हे पुस्तकात वाचून लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या आईला श्वास लागला तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच थांबली, कारण आत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या होत्या. आम्ही तिला लाकडी खुर्चीत बसवले आणि चौघांनी उचलून, छत्री धरून बाहेर नेले. त्यातल्या एका गाडीच्या काचेवर पर्वरीतील एका निवासी संकुलाची चिठ्ठी होती. ती चिठ्ठी मी अजून विसरलेलो नाही.

नाट्यवेडी, आल्त पर्वरी

वाचकभाऊ, आईंना झालेला त्रास वाचून फार वाईट वाटले. पण त्या गाड्या आपल्या गल्लीत का येतात, हे कोणीतरी लिहायलाच हवे. पणजी-म्हापसा शटल पर्वरीतून जाते, थांबत मात्र नाही. आम्ही थांब्यावर उभे राहून ती जाताना पाहतो. खासगी बसगाड्या थांबतात, पण रात्री आठ-साडेआठ वाजले की त्याही तुरळक होतात.

कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेला मी कित्येक वर्षे जाते आणि कित्येक नाटकांचा शेवट मला माहीत नाही. एकदा नायिकेने कपाटातले पत्र उघडायला हात घातला आणि त्याच क्षणी मला पिशवी उचलून, लोकांच्या गुडघ्यांतून वाकून वाट काढत बाहेर पडावे लागले. कांपालहून बसस्थानकापर्यंत जवळजवळ धावत गेले, तरी बस गेलेली होती. थांब्यावर माझ्यासारखीच अडकलेली एक परिचारिका होती. पायलटने, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाल्याने, दिवसाच्या तिप्पट भाडे सांगितले. मी पन्नाशीची बाई भर पावसात अनोळखी माणसाच्या मागे बसून पुलावरून आले. परिचारिकेला तेवढे पैसे देणे शक्य नव्हते, म्हणून ती तिथेच भावाची वाट पाहत उभी राहिली. दुसऱ्याच महिन्यात मुलाने मला गाडी शिकायला लावली. आता मीही पणजीत गाडी लावायला जागा शोधत फिरते.

बसवाल्याचा मुलगा

ताई, बसवाल्यांवर बोट ठेवणे सोपे असते. माझ्या वडिलांची बस याच मार्गावर बावीस वर्षे धावली. रात्रीच्या शेवटच्या फेरीला सहा माणसे असायची आणि त्यांच्या तिकिटांतून डिझेलचेही पैसे सुटत नसत. सकाळी आमच्या दाराला लोंबकळणारे तरुण पहिल्या पगारावर स्कूटर घेत आणि पुन्हा कधी आमच्या बसमध्ये चढत नसत. वडिलांनी शेवटी बस विकली, तेव्हा हप्ते फेडण्यासाठी आईच्या बांगड्या आधीच गेल्या होत्या. आपल्याला नाटकाचा शेवट पाहता यावा म्हणून आम्ही आणखी कर्ज काढायला हवे होते काय? हे वाचून मला संताप आला, तो मी लपवत नाही.

नाट्यवेडी, आल्त पर्वरी

आपल्या आईच्या बांगड्यांचे वाचून मला लाज वाटली, आणि माझा रोष आपल्या वडिलांवर कधीच नव्हता. परंतु सहा प्रवाशांची फेरी एका कुटुंबाच्या खिशातून चालावी, हेच मुळात चुकीचे होते. ती सरकारी पैशातून चालायला हवी, कारण ती बंद झाली की त्या सहांच्या सहा गाड्या रस्त्यावर येतात. पुलांवर आणि उड्डाणपुलांवर एवढा खर्च होतो. त्यापुढे रात्री दहाच्या एका बसचा खर्च तो किती!

सुकूरचा मूळ रहिवासी

बस आणि पार्किंग यांवर आपण सगळे इतके लिहीत आहात, पण ज्यांची ही जमीन होती त्यांना कोणी विचारत नाही. पर्वरी नावाची पंचायतच नाही. सुकूर, पेन्ह द फ्रान्स आणि साल्वादोर द मुंद अशा तीन पंचायतींत ती विभागलेली आहे. जनगणना सुकूर आणि पेन्ह द फ्रान्सला शहर म्हणते आणि कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. सात-सात मजल्यांच्या संकुलांचे सांडपाणी पंचायतीच्या हाताबाहेरचे आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. माझी आई अजूनही रोज सकाळी सवयीने कळशी सोडते, पाणी हुंगते आणि माडाच्या मुळाशी ओतून देते.

महामार्गावरचा खाप्रेश्वर देवाचा वड 2025 च्या मार्चमध्ये उन्नत मार्गासाठी मुळासकट हलवला. माझी आजी त्याच्यासमोरून हात जोडल्याशिवाय कधी गेली नाही. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला आम्ही गाववाले उभे होतो. संकुलांतले फार थोडे दिसले. जुना पर्वरीकरबाब, आपण तीस वर्षे इथे आहात, तेव्हा आपण कुठे होता?

जुना पर्वरीकर

मी घरी होतो. गुडघ्याचे दुखणे होते, पण तेवढेच कारण नव्हते; मला तो विषय आपला वाटला नाही, हे कबूल करतो. या पंचायतींच्या जागी पालिका झाली तर घरपट्टी वाढेल म्हणून मीही विरोधात बोललो होतो. आपल्या विहिरीचे वाचल्यावर तो विरोध धरून ठेवण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही. मात्र "निजायची खोली" हा शब्द मला आजही टोचतो आणि तो मागे घेतला जावा, ही मागणी मी सोडणार नाही.

मळ्यातला वाचक

शब्द मागे घेतो. तक्रार मागे घेत नाही, कारण माझ्या गल्लीत आज सकाळीही गाड्या उभ्या होत्या. नाट्यवेडीताईंनी पुढच्या स्पर्धेच्या वेळी कळवावे. प्रयोग संपल्यावर मी आणि माझी पत्नी त्यांना पर्वरीपर्यंत सोडून येऊ.

नाट्यवेडी, आल्त पर्वरी

आपले मनापासून आभार, आणि मी कळवीनही. पण त्या रात्री थांब्यावर उभी असलेली परिचारिका नाटकाला आली नव्हती. ती कामावरून सुटली होती आणि दुसऱ्या दिवशीही तिची पाळी त्याच वेळेला संपणार होती.