‘साठी’ची संस्था आणि ‘ची’ संस्था : ‘बळकटीकरण’ या शब्दावरून

पानकोबी
प्रशिक्षण-पुस्तिकेचं मराठी तपासायचं आहे. त्यात हे वाक्य आहे : ‘अतिजोखीम गटांना एचआयव्ही सेवा देणाऱ्या समुदायाधारित संस्थांचे सक्षमीकरण’. (अतिजोखीम गट म्हणजे एचआयव्हीचा धोका जास्त असलेले : वेश्याव्यवसायातल्या बायका, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे.) इथे ‘सक्षमीकरण’ चालेल की ‘बळकटीकरण’ हवं? आणि ‘समुदायाधारित’ म्हणजे नेमकं काय कशावर आधारलेलं?

उंबरठा
सक्षमीकरण माणसाचं, बळकटीकरण रचनेचं. आपण बांध बळकट करतो, तुळई बळकट करतो. ‘महिला सक्षमीकरण’ इतकं सरकारी छापाचं झालंय की तोच शब्द संस्थेला लावला की शिलाई मशीन वाटपाचा फोटो डोळ्यांपुढे येतो. ‘बळकटीकरण’ म्हटलं की वाचणारा लगेच विचारतो, लेचंपेचं काय आहे? हिशेब, साठ्याची नोंद की सह्यांचे अधिकार? पुस्तिकेला तोच प्रश्न हवा आहे, म्हणून बळकटीकरण.

खडूपाटी
सहमत. पण खरी गोम ‘समुदायाधारित’मध्ये आहे. ‘आधारित’ मालकी झाकतं. मराठीत दोनच प्रत्ययांत काम भागतं : बायकांसाठी संस्था आणि बायकांची संस्था. ‘साठी’ म्हणजे सेवा देणारे वेगळे, घेणारे वेगळे. ‘ची’ म्हणजे दोन्ही तेच.
कोलकात्याची वेश्यावस्ती सोनागाछी घ्या. तिथला एचआयव्ही प्रतिबंधाचा प्रकल्प १९९२ मध्ये ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थमधून, डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने सुरू झाला. तेव्हा तो ‘साठी’चा होता. १९९५ मध्ये धंद्यातल्या बायकांची स्वतःची दरबार महिला समन्वय समिती उभी राहिली आणि १९९९ मध्ये तिने प्रकल्प चालवायला घेतला. तेव्हा ‘ची’ झाला. मधली चार वर्षं म्हणजेच तुमचं बळकटीकरण.
त्याच बायकांनी १९९५ मध्ये उषा ही सहकारी पतसंस्था काढली, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहा असं सुचवलं गेलं होतं. त्यांनी नकार दिला. शब्दचर्चा अशीही असते.

उंबरठा
(‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय आहे हो, प्रत्यय नव्हे. मुद्दा बरोबर आहे.)

दप्तरी
‘ची’ आहे की नाही ते महाराष्ट्रात एका कागदावर कळतं : परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे धर्मादाय नोंदवहीतला विश्वस्तांच्या नावांचा उतारा. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली (किमान ७ सभासद), तरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही तिची नोंद लागते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती) द्यायचा, कलम २२. पुस्तिकेत याला ‘फेरफार अर्ज’ म्हणू नका. फेरफार म्हटलं की तलाठी आठवतो. वकीलही ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात.
बिघडतं ते इथेच. निवडणूक होते, वस्तीतली बाई अध्यक्ष होते, पेढे वाटले जातात आणि चेंज रिपोर्ट राहतो. परिशिष्टावर जुन्या मंडळींचीच नावं. बँक सही बदलायला तो उतारा मागते. तो नाही, म्हणून सही बदलत नाही. अनुदानाचा हप्ता खात्यात पडून, आणि पीअर बायकांचं (वस्तीतल्याच, बाकीच्यांपर्यंत सेवा पोचवणाऱ्या) मानधन तीन-तीन महिने थकतं. लेटरहेडवर ‘ची’, चेकवर ‘साठी’. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो.

पानकोबी
मग मोठ्या संस्थेनेच पैसे घेऊन पुढे छोट्यांना दिले तर? पुस्तिकेत त्याला ‘उप-अनुदान’ म्हटलंय.

दप्तरी
देशी पैशाचं करारात बघा. परदेशी पैसा एफसीआरएच्या (परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या) २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पुढे देताच येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. छोट्या संस्थेला स्वतःची एफसीआरए नोंदणी हवी. त्यासाठी ३ वर्षं जुनी असणं आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवणं आलं. शब्द ठीक आहे, पण परदेशी निधीच्या प्रकरणातून काढून टाका. वाचणारा विश्वासाने तसं करायला जाईल.

रानजाई
‘पीअर एज्युकेटर’ला काय छापलंय? ‘समवयस्क शिक्षक’ असेल तर आधी ते खोडा. पीअर म्हणजे वयाने बरोबरीची नव्हे, धंद्याने बरोबरीची. पन्नाशीची बाई विशीतल्या मुलीची पीअर असू शकते. ‘सहशिक्षक’ तर शाळेतच नेऊन बसवतो. बोलताना सगळे ‘पीअर’ किंवा ‘पीई’ म्हणतात, तेच ठेवा.
आणि पीअरचं काम ‘जनजागृती’ या एका शब्दात गुंडाळू नका. नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) जुन्या नियमाने एका पीअरमागे ६० जणी (सुईने नशा करणाऱ्यांच्या प्रकल्पात ४०). तिच्या वहीत प्रत्येकीची तिमाही तपासणी आणि सहामाही एचआयव्ही चाचणी कधी आहे, हे असतं. चुकतं कसं ते ‘वाटप’ आणि ‘गरज’ या दोन शब्दांत बघा. तिघींना आठवड्याला अनुक्रमे ५, १५ आणि २५ गिऱ्हाइकं आहेत. सरासरीने प्रत्येकीला १५ निरोध दिले. वाटप ४५, गरज ४५, अहवाल चोख. पण तिसरीला १० कमी पडले आणि पहिलीच्या ट्रंकेत १० पडून राहिले. धोका सगळ्यात जास्त तिथेच पुरवठा कमी. म्हणून रकान्याचं नाव ‘वाटप’ नको, ‘गरज’ आणि ‘दिले’ असे दोन रकाने हवेत. (निरोध हे सरकारी कंडोमचं १९६८ पासूनचं नाव, पण अनेक वस्त्यांत कुठल्याही कंपनीच्या कंडोमला निरोधच म्हणतात.)

खडूपाटी
‘टार्गेटेड इंटरव्हेन्शन’ (टीआय), म्हणजे अतिजोखीम गटांसाठीचा प्रकल्प, याला ‘लक्ष्यित हस्तक्षेप’ पण छापलं असेलच. मराठीत हस्तक्षेप म्हणजे नाक खुपसणं, आणि ‘लक्ष्य’वर नेम धरतात. बोलीत ‘टीआय’, छापायला ‘प्रतिबंध प्रकल्प’ पुरे.
‘समुदाय’चा पर्याय म्हणून ‘समाज’ मात्र घेऊ नका. ‘तुमच्या समाजातल्या किती जणी?’ विचारलं तर समोरची जात सांगते. तृतीयपंथी असोत की धंद्यातल्या बायका, त्या स्वतः ‘आपल्या कम्युनिटीतली’ म्हणतात.

रानजाई
‘धंदा’वरही लगेच लाल पेन्सिल चालवू नये. ‘देहविक्रय’ सभ्य वाटतो, पण देह कोणी विकत नाही. सांगलीच्या बायकांनी संघटनेचं नावच वेश्या अन्याय मुक्ती परिषद ठेवलंय. कुठला शब्द अपमानाचा, ते ज्यांना तो लागतो त्यांना विचारून ठरवावं.
‘लाभार्थी यादी’ तेवढी बदला. ती दवाखान्यात चिकटवायची गोष्ट वाटते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला, त्यानंतर ही माहिती सांभाळणं ही कायद्याचीच जबाबदारी आहे. ‘संकेतांक नोंद’ म्हणा : वहीत क्रमांक, आणि नाव-क्रमांकाचा तक्ता वेगळ्या कुलपात.

पानकोबी
आता वाक्य असं : ‘एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्यांनी स्वतः चालवलेल्या संस्थांचे बळकटीकरण’. ‘अतिजोखीम गट’ सरकारी तक्त्यांशी जुळावं म्हणून शब्दसूचीत ठेवते.

दप्तरी
‘स्वतः चालवलेल्या’ चांगलं. त्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर परिशिष्ट १ च्या उताऱ्याचा नमुना टाका, विश्वस्तांच्या नावांचा रकाना ठळक करून.