क्लॉप परत यावा का? केओपीतल्या लिव्हरपूलवाल्यांनो, बोला

रंकाळा रेड
पीएसव्हीने आपल्या लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर येऊन 4-1 ने धुतलं. त्याआधी फॉरेस्टकडून 0-3, त्याआधी मँचेस्टर सिटीकडून 0-3. लीगमधल्या शेवटच्या सातपैकी सहा मॅच घालवल्या, सगळ्या स्पर्धा धरल्या तर 12 पैकी 9. एप्रिलमध्ये चार मॅच राखून चॅम्पियन झालेला संघ हाच, यावर नोव्हेंबर 2025 मध्ये कुणाचा विश्वास बसेल? आता सगळीकडे एकच हाळी: मॅनेजर स्लॉटला नारळ द्या, आधीच्या मॅनेजरला, क्लॉपला, परत बोलवा.

केओपीतले कॉपवाले काय म्हणतात? (आपल्या कोल्हापूर स्टेशनचा कोड KOP आणि ॲनफिल्डचा कॉप स्टँड एकाच स्पेलिंगचा. एवढा मान तर आपल्याला आहेच.) माझं मत: आणावा, आणि लगेच. पण भक्ती नको, कारण द्या. माझं कारण चेंडू गेल्यानंतरचे पहिले पाच सेकंद. क्लॉपच्या संघात चेंडू गेला की जवळचे दोघे-तिघे त्याच क्षणी चेंडूवर आणि बाकीचे पासच्या वाटेवर. आत्ता चेंडू गेला की आपले पहिलं पाऊल मागे टाकतात. समोरच्याला मान वर करून पास बघायला वेळ मिळतो, आणि आपले मधले डिफेंडर कोनाटे-व्हॅन डाइक यांच्या मागे बॉल पडतो.

गोलकी
हा प्रयोग याच क्लबने करून बघितलाय, भावा. आपला जुना मॅनेजर डॅल्ग्लिश. फेब्रुवारी 1991 मध्ये एव्हर्टनबरोबरच्या 4-4 नंतर थकलो म्हणून सोडून गेला, जानेवारी 2011 मध्ये हॉजसनच्या जागी परत आला. स्टेडियम रडलं, गाणी झाली. पुढं काय? पहिल्या पूर्ण सीझनला लीग कप जिंकला, तोही कार्डिफविरुद्ध पेनल्टीवर, एफए कपची फायनल चेल्सीकडून 2-1 ने गेली आणि लीगमध्ये 52 गुण, आठवा नंबर. मे 2012 मध्ये घरी. माणूस तोच होता, पण स्ट्रायकर कॅरॉलवर साडेतीन कोटी पौंड घालवलेला संघ त्याच्या 1990 च्या संघासारखा खेळणार कसा?

शाहूपुरीकर
डॅल्ग्लिशचं उदाहरण सोयीचं आहे म्हणून घेतलंस. तो परत येण्याआधीची दहा-अकरा वर्षं कुठल्याच क्लबचा पूर्ण वेळ मॅनेजर नव्हता. क्लॉपला जाऊन दीड वर्ष झालंय. त्याच्याशी तुलना करायची तर अँचेलोटीशी कर. 2015 ला रिअल माद्रिदने काढला, 2021 ला परत घेतला, 2022 आणि 2024 ची चॅम्पियन्स लीग, सोबत दोन्ही वर्षी ला लीगा. झिदान मे 2018 ला रिअल सोडून गेला, मार्च 2019 ला परत, पुढच्याच सीझनला ला लीगा. हाइंकेस तर बायर्नला चौथ्यांदा ऑक्टोबर 2017 मध्ये आला आणि लीग जिंकून गेला. दुसऱ्यांदा आलेला माणूस फसतोच असा काही नियम नाही.

गोलकी
अँचेलोटी परत आला तेव्हा मॉड्रिच, बेन्झेमा, क्रूस, कार्व्हाहाल तिथेच होते. मधली फळी तीच, त्याचा स्वभाव माहीत असलेली. क्लॉपला काय सापडेल? त्याच्या मूळ संघातले सालाह 33 वर्षांचा, व्हॅन डाइक 34 चा, ॲलिसन, रॉबर्टसन. मॅक ॲलिस्टर, सोबोस्लाई, ग्राव्हेनबर्ख हे 2023 मध्ये आले, त्याच्या हाताखाली एकच सीझन. आणि ज्यांच्या पायावर प्रेसिंग (चेंडू गेला की लगेच समोरच्यावर तुटून पडणं) चालायचं त्यातला लुइस डियाझ याच उन्हाळ्यात बायर्नला विकला. राइट बॅक ट्रेंट रिअल माद्रिदला. झिदानचंही पूर्ण सांग की. दुसऱ्या खेपेला एकही चॅम्पियन्स लीग नाही.

युनायटेडवाला (राहवत नाही म्हणून)
आमच्या मँचेस्टर युनायटेडकडं 2021 ला रोनाल्डो परत आला. पहिल्याच मॅचला न्यूकॅसलवर दोन गोल, सगळी पेठ नाचली. नोव्हेंबरमध्ये मॅनेजर गेला. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनो, विचार करा.

पांढरा रस्सा
आम्ही तुम्हाला 7-0 ने धुतलं ती तारीख लक्षात आहे का रे तुझ्या? 5 मार्च 2023. तोंडपाठ कर आणि मग इकडं ये.

वस्ताद
ती 7-0 ज्या सीझनची, त्याच सीझनला आपण 67 गुणांनी पाचवे आलो होतो. ते का झालं हे आधी नीट बघूया, कारण या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

क्लॉपचं प्रेसिंग म्हणजे नुसतं पळणं नव्हे. शाहू स्टेडियमवर आपण नेहमी बघतो: पुढचा एकटा जीव तोडून स्टॉपरवर (मधल्या डिफेंडरवर) धावतो, मागचे दहा जण उभे राहून बघतात आणि एका पासात तो बाद. प्रेसिंगमध्ये कोन असतो. सालाह आणि माने समोरच्या स्टॉपरवर सरळ धावायचे नाहीत, बाहेरून वळण घेऊन यायचे, म्हणजे त्यांच्या पाठीमागचा फुलबॅक (बाजूचा डिफेंडर) सावलीत झाकला जायचा. फर्मिनो समोरच्या सहा नंबरच्या, म्हणजे डिफेन्सपुढच्या मिडफिल्डरच्या, अंगावर. समोरच्याकडे मग मधल्या गर्दीत पास देणं किंवा लांब मारणं एवढंच उरायचं. मधे हेंडरसन, वाइनाल्डम, फॅबिन्यो उभे, लांब मारलेल्याला व्हॅन डाइक. धाव कधी सुरू करायची तेही ठरलेलं असायचं: गोलकीपरला मागे दिलेला पास, पहिला टच वाईट पडला, किंवा चेंडू घेणाऱ्याचं तोंड स्वतःच्या गोलकडे.

आता यातला एक जण अर्धा सेकंद उशिरा आला तर? कोन उघडतो, सहा नंबर मोकळा होतो, आणि हाफ लाइनवर चढलेल्या डिफेन्सच्या मागे अर्धं मैदान रिकामं. 2022-23 मध्ये नेमकं हेच झालं. माने गेला होता, हेंडरसन-फॅबिन्योचे पाय जड झाले होते, थियागो दुखापतीत. पुढचे तिघे प्रेस करायचे आणि मिडफिल्ड दहा पावलं मागे राहायचं. क्लॉप तोच होता. डॉर्टमुंडमध्येही 2014-15 ला हेच: हिवाळी सुट्टीला 18 पैकी 17 वा, शेवटी सातवा.

म्हणून मी म्हणतो, आत्ता नको. 33 वर्षांचा सालाह ते बाहेरचं वळण 90 मिनिटं घेणार नाही. नव्या स्ट्रायकरसाठी, इसाकसाठी, 12.5 कोटी पौंड दिले ते मागे पळायला नव्हे, आणि त्याची तर प्री-सीझनही झालेली नाही. हां, नवे आलेले विर्ट्झ आणि एकिटिके करतील, एकिटिके तर आनंदाने करेल. पण दोघांनी प्रेस होत नाही. कुस्तीत एक हात मोकळा सोडून पट काढता येत नाही, तसं आहे हे.

रंकाळा रेड
वस्ताद, पटलं बरंचसं. पण मग स्लॉट तरी काय करतोय? पॅलेसचा 97 व्या मिनिटाचा गोल लाँग थ्रोवर (बाजूच्या रेषेवरून हाताने लांब फेकलेल्या चेंडूवर), ब्रेंटफर्डचा पाचव्या मिनिटाचा गोल लाँग थ्रोवर, फॉरेस्टचा पहिला कॉर्नरवर. याला प्रेसिंग लागत नाही, सराव लागतो. क्लॉपने तर थ्रो-इनचा वेगळा कोच ठेवला होता!

वस्ताद
ग्रोनेमार्क. 2018 ला आला, 2023 ला गेला. पण त्याचं मुख्य काम आपले थ्रो होते: आपण फेकल्यावर चेंडू आपल्याकडेच राहावा म्हणून कुणी कुठून कुठे सरकायचं, मोकळी जागा कशी करायची. समोरचा आपल्या बॉक्समध्ये 30 मीटर फेकतो तेव्हा काय करायचं, हा विषयच निराळा.

लाँग थ्रो हातातून येतो, त्यामुळे कॉर्नरपेक्षा हळू आणि उंच. थेट थ्रोवर ऑफसाइड नाही, म्हणून ते गोलकीपरच्या अंगावर माणूस उभा करतात. पहिला हेड शक्यतो आपलाच लागला पाहिजे, पण खरा गोल होतो तो दुसऱ्या चेंडूवर. म्हणून सगळे सहा यार्डांत गोळा करायचे नाहीत. सर्वात उंच माणूस जवळच्या पोस्टच्या पुढे, एक जण गोलकीपरला मोकळं ठेवायला, आणि दोघे बॉक्सच्या तोंडाशी, फक्त पडलेल्या चेंडूसाठी. आपण ब्रेंटफर्डला काय केलं? पहिला हेड हरलो आणि मागच्या पोस्टवर त्यांचा माणूस मोकळा. हे शिकवायला जर्मनीहून कुणाला आणायची गरज नाही. चार दिवस, रोज वीस मिनिटं.

मंगळवारपेठी
सगळे क्लॉप-क्लॉप करताय, त्याची माणसं कुठं आहेत ते बघितलंय का? त्याचा सहायक बुवाच 2018 लाच गेला. रोजचा सराव आखायचा तो पेप लाइंडर्स. तो 2025 च्या उन्हाळ्यात सिटीत ग्वार्डिओलाच्या हाताखाली गेला. क्लॉप स्वतः जानेवारी 2025 पासून रेड बुल कंपनीच्या सगळ्या फुटबॉल क्लबांचा प्रमुख. तिकडून सोडवायचा, स्लॉटचा 2027 पर्यंतचा करार मोडायचा, नवा स्टाफ उभा करायचा, हे डिसेंबरच्या गर्दीत? महिन्याभरात सात-आठ मॅच असतात, दोन मॅचच्या मधे एक दिवस रिकव्हरी, एक दिवस हलका सराव. नवीन प्रेसिंग बसवायला मैदानच मिळत नाही. क्लॉपसुद्धा ऑक्टोबर 2015 ला आला तेव्हा पहिल्या सीझनला आठवाच आला होता, हे विसरू नका.

शाहूपुरीकर
त्याच सीझनला दोन फायनल खेळला, हे तू विसरलास. लीग कप आणि युरोपा. आणि ते आधीच्या मॅनेजरच्या, ब्रेंडन रॉजर्सच्या, संघाला घेऊन.

एक गोष्ट अजून कुणी काढली नाही. आपला फॉरवर्ड जोटा 3 जुलैला वारला. प्री-सीझनच्या तोंडावर. त्या ड्रेसिंग रूममध्ये काय चाललं असेल ते गुणतक्त्यात दिसत नाही, पण चेंडूसाठी आडवं पडायला मन लागतं. जोटाला 2020 मध्ये वुल्व्हजकडून क्लॉपनेच आणलं होतं. पोरांना आत्ता डावपेचापेक्षा त्या माणसाची गरज असेल तर? रॉबर्टसन, सालाह, व्हॅन डाइक यांना त्याच्या शब्दावर पळताना आपण पाहिलंय. वस्तादांचा कोन बरोबर असेल, पण पाय का उचलले जात नाहीत याचं हेही एक कारण असू शकतं.

वस्ताद
या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. स्लॉटने ते नीट सांभाळलंय असं मात्र मला वाटतं. हरल्यावर त्याने त्या दुःखाचा आडोसा घेतला नाही.

पांढरा रस्सा
मी अजूनही क्लॉपच्या बाजूने. सीझन संपल्यावर आणा हवं तर. 97 गुण मिळवून दुसरा आलेला संघ पुढच्या वर्षी 99 काढून पहिला येतो, ही जिद्द विकत मिळत नाही.

गोलकी
जिद्द मिळत नाही, पण 40 कोटी पौंडांहून जास्त किमतीचे खेळाडू मिळालेत आणि ते स्लॉटच्या खेळासाठी घेतलेत. नवे फुलबॅक फ्रिंपाँग-केर्केझ दोघेही पुढे पळणारे. ते वर गेल्यावर मागची जागा झाकायला ग्राव्हेनबर्ख एकटा. गेल्या सीझनला 84 गुण काढले तेव्हा उजवीकडे ट्रेंट चेंडू धरून खेळ हळू करायचा, आता उजवीकडून चेंडूच सुटत नाही. दुखणं इथं आहे. त्यावर इलाज म्हणजे डिफेंडर गोमेझला उजव्या बाजूला बसवा, तो वर जाणार नाही.

वस्ताद
आणि सालाहला बाकावर.

पांढरा रस्सा
ओ वस्ताद! काय बोलताय!

वस्ताद
रविवारी वेस्ट हॅम आहे. उजवीकडे सोबोस्लाई घ्या. तो वळण घेऊन प्रेसही करतो आणि फुलबॅकबरोबर मागेही येतो. विर्ट्झ दहा नंबरला (स्ट्रायकरच्या मागे), डावीकडे गाकपो, पुढे इसाक. मागे गोमेझ न हलता. ग्राव्हेनबर्खच्या शेजारी मॅक ॲलिस्टर, दोघांत दहा-बारा मीटरपेक्षा जास्त अंतर नको. गोल किती होतात त्याकडे मी बघणार नाही. चेंडू गेल्यावर सोबोस्लाईचं पहिलं पाऊल पुढे पडतं की मागे, तेवढं बघेन.

रंकाळा रेड
मागे पडलं तर सोमवारी हाच धागा वर आणतो.