'बुत' म्हणजे बुद्धच का?

गझलेत 'बुत' आला की मी आपला मूर्ती असा अर्थ लावून पुढे जायचो. परवा एकाने सांगितलं की हा शब्द मुळात 'बुद्ध'च आहे. खरंय का, की व्हॉट्सॅपी ज्ञान?

—

खरंय. फारसी 'बुत' आणि अरबी 'बुद्द', दोन्हींच्या मुळाशी बुद्धच. मध्य आशियात बुद्धाच्या मूर्ती एवढ्या होत्या की पुढे कुठलीही मूर्ती म्हणजे बुत झाली, आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा तसं. आणि हा तुमचा प्रश्न हजार वर्षांपूर्वी बगदादमधे पण पडलेला बरं का! इब्न अल-नदीमने 987-88 च्या सुमारास अरबी पुस्तकांची जी प्रचंड सूची केली, 'फिहरिस्त', त्यात हिंदुस्तानातल्या धर्मांवरही लिहिलंय, तिथे तो म्हणतो की बुद्द कोण यावर तिकडच्यांचंच एकमत नाही, कोणी म्हणतं ही ईश्वराची प्रतिमा, कोणी म्हणतं त्याच्या दूताची, मग तो दूत देवदूत की माणूस की राक्षस यावर परत वाद. ही माहिती बगदादच्या खलिफाचा वझीर याह्या बरमकी याने औषधी वनस्पती आणायला आणि तिथल्या धर्मांबद्दल लिहून आणायला इकडे पाठवलेल्या माणसाची.

—

बरमकी निघालेच आहेत तर, 'बरमक' म्हणजे आपलं 'प्रमुख' :) बल्ख (आजच्या अफगाणिस्तानातलं) शहरातल्या 'नवबहार'चे, म्हणजे नवविहार या बौद्ध मठाचे, हे बरमकी वंशपरंपरेने प्रमुख होते असं मानतात.

—

भारीच. मग अरबी पुस्तकांत हिंदुस्तानातले 'बराहिमा' येतात ते ब्राह्मण ना? का इब्राहीमशी काही संबंध?

—

ब्राह्मणच. शहरस्तानीने (मृत्यू 1153) 'अल-मिलल वल-निहल' या धर्म-पंथांवरच्या अरबी ग्रंथात इब्राहीमवाली व्युत्पत्ती चूक म्हणून उडवलीय, कारण हे लोक पैगंबरच मानत नाहीत मग त्यांना इब्राहीमचं नाव कसं असेल! पण पुढे स्वतःच सांगतो की बराहम नावाचा कोणी माणूस होता त्याच्यावरून नाव पडलं. ब्रह्म राहिलं बाजूला. त्याने बुद्दचं अरबी पद्धतीने अनेकवचनही केलंय, 'बिददा', म्हणजे बरेच बुद्ध. मला विचाराल तर यातला बराचसा माल ऐकीव. अल-बिरुनी तेवढा संस्कृत शिकून पंडितांना विचारून लिहायचा, पतंजलीचा योग अरबीत नेला त्याने. पण त्याचीही बौद्धांपाशी गाडी अडली. 1030 च्या सुमाराच्या हिंदुस्तानावरच्या ग्रंथात सरळ कबूल करतो की मला एकही बौद्ध ग्रंथ मिळाला नाही, विचारायला बौद्ध माणूसही भेटला नाही.

—

आणि बौद्धांना अल-बिरुनी 'शमनिया' म्हणतो ते श्रमण (भिक्षू) वरून?

—

हो, श्रमणच. बाकीच्या अरबी पुस्तकांत बहुतेक 'सुमनिया' सापडेल.