मदत हवी आहे: ‘युती’ ठेवू की ‘आघाडी’?

मुद्रितशोधक: एका पुस्तकाची मुद्रिते उद्या सकाळी परत द्यायची आहेत. लेखकाने एकाच परिच्छेदात चार ठिकाणी ‘युती’ आणि तीन ठिकाणी ‘आघाडी’ लिहिले असून संपादकांनी समासात ‘एकच शब्द ठेवावा’ असा शेरा मारला आहे. कोणता ठेवू? शब्दकोश पाहून झाला आहे, तेव्हा तो कृपया सुचवू नये.

वाईकर: परिच्छेद कशाविषयी आहे हे कळल्याशिवाय काय सांगणार? तरी माझा नियम असा, की निवडणुकीआधी जुळते ती युती आणि निकालानंतर सत्तेसाठी जुळते ती आघाडी. शिवसेना-भाजप १९८९ पासून एकत्र लढले, म्हणून युती. काँग्रेस व राष्ट्रवादी १९९९ मध्ये एकमेकांविरुद्ध लढून मग सरकारात एकत्र आले, म्हणून आघाडी.

जुना वाचक: नियम सोयीचा आहे, पण टिकत नाही. त्याच दोन पक्षांनी २००४ ची विधानसभा एकत्र लढवली, तरी ती आघाडीच राहिली. आणि राज्यात ‘युती’ म्हणवणारे शिवसेना-भाजप दिल्लीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे घटक होते. वंचित बहुजन आघाडी तर नावाने आघाडी असूनही एक पक्ष आहे.

खगोलप्रेमी: युती खरी ग्रहांची. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी यांच्यात जेमतेम एक दशांश अंशाचे अंतर दिसत होते. समोरासमोर आले, की तिला प्रतियुती म्हणतात.

जुना वाचक: प्रतियुतीही राजकारणात पुष्कळ दिसते, परंतु धागाकर्त्यांची मुद्रिते अडली आहेत.

मुद्रितशोधक: लिहायचे राहिले. परिच्छेद पश्चिम बंगालमधील २०१६ च्या निवडणुकीविषयी आहे.

वाईकर: हे आधी सांगायला हवे होते!

जुना वाचक: मग दोन्ही शब्द राहू द्यावेत. १९७७ ते २०११ सत्तेवर होती ती ‘डावी आघाडी’. ते रूढ नाव आहे, त्याला हात लावू नये. तिने २०१६ मध्ये काँग्रेसशी हातमिळवणी केली, ती युती. ‘डाव्या आघाडीने काँग्रेसशी आघाडी केली’ असे छापले, तर वाचक अडखळेल.

वाईकर: ती युतीही नव्हे; ते जागावाटपापुरते सामंजस्य होते.

मुद्रितशोधक: संपादकांना दोनांतला एक शब्द हवा होता, त्यांच्यापुढे आता तिसरा कसा ठेवू?