फायब्रोमायल्जिया : व्यायामाची सुरुवात कशी करावी आणि पुण्यात कोणाच्या देखरेखीखाली?

नमस्कार. गेल्या वर्षी एका संधिवाततज्ज्ञांनी माझ्या दुखण्याचे निदान फायब्रोमायल्जिया (सर्वांगाचे जुनाट दुखणे आणि थकवा) असे केले. निदानाविषयी मला शंका नाही आणि औषधेही सुरू आहेत; मदत हवी आहे ती व्यायामाबाबत. या आजारावर व्यायामाइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही असे सांगितले जाते, पण व्यायाम केला की पुढचे दोन-तीन दिवस मला उठवत नाही, आणि यातून वाट कशी काढायची हे नीट सांगणारे अजून कोणी भेटलेले नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. माझे वय सत्तेचाळीस. सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशनासाठी मुद्रितशोधनाचे काम करते आणि सिंहगड रस्त्यावरून रोज दुचाकीने ये-जा करते. दुखणे मानेपासून सुरू झाले आणि हळूहळू खांदे, कंबर, मांड्या, पोटऱ्या असे सर्वांगात पसरले. सकाळी जाग येते तेव्हा रात्रभर कोणी बडवून काढल्यासारखे अंग ठणकत असते. पर्सचा पट्टा खांद्यावर टेकलेला सहन होत नाही. ओली चादर पिळून दोरीवर टाकायची म्हटले, तर एक टोक टाकून झाल्यावर हात खाली घेऊन थांबावे लागते. या सगळ्यापेक्षा मला जास्त धास्तावते ते डोक्यावर येणारे मळभ. जी ओळ मी डोळे मिटून तपासली असती, तीच तीनदा वाचूनही वेलांटी पहिली की दुसरी हे ठरत नाही, आणि माझे पोट तर त्या वेलांट्यांवरच आहे.

निदानापर्यंत पोहोचायला बरीच वर्षे गेली. हाडांच्या डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय काढून ‘वयोमानानुसार झीज’ असा शेरा दिला आणि कमरेला पट्टा बांधायला सांगितले. एका मोठ्या रुग्णालयात ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मन कशात तरी गुंतवा’ असा सल्ला मिळाला. (दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईने मन आणखी किती गुंतवावे, हे विचारायचे राहूनच गेले.) संधिवाततज्ज्ञांनी मात्र आधी ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर (सूज आणि संधिवात शोधणाऱ्या रक्ततपासण्या), थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घेतले. ड जीवनसत्त्व कमी होते. ते भरून काढले, तरी दुखण्यात फरक पडला नाही. मग त्यांनी शरीराचे १९ भाग दाखवणारे चित्र पुढे ठेवले आणि गेल्या आठवड्यात यांपैकी कोणते दुखले, झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटते का, थकवा किती, लक्ष लागते का, हे एकेक करून विचारले. पूर्वी, म्हणजे १९९०च्या निकषांनुसार, अंगावरचे १८ बिंदू दाबून त्यांतले किमान ११ दुखतात का ते पाहत असत. २०१० पासून बिंदू न दाबता या पद्धतीनेही निदान करता येते, असे त्यांनी समजावले. स्नायूंना किंवा सांध्यांना सूज नसते, तर मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, त्यामुळे साध्या वेदनाशामक गोळ्या आणि स्टेरॉइड यांचा उपयोग होत नाही, हेही मला त्यांच्याकडूनच कळले.

सुरुवातीला रात्री प्रीगाबालिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध दिले. झोप सुधारली, पण डोस वाढवल्यावर सकाळी गरगरायला लागले, घोटे सुजले आणि वजन वाढले. दुचाकीवर गरगरणे परवडणारे नाही, म्हणून डॉक्टरांनी तो डोस पुन्हा कमी केला आणि सकाळी ड्युलोक्सेटिन (मूळचे नैराश्यावरचे, पण वेदनेवरही देतात ते औषध) जोडले. पहिले काही दिवस मळमळले, मग सवय झाली. आता ठणका बराच सुसह्य आहे, मात्र थकवा आणि डोक्यावरचे मळभ जवळजवळ तसेच आहे. त्यावर डॉक्टर म्हणाले की औषधाचा वाटा इतकाच, पुढचे व्यायामाने होईल. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींमध्येही सर्वांत ठाम शिफारस एकाच उपचाराची आहे आणि तो उपचार व्यायाम हाच आहे, त्यामुळे डॉक्टरांचे म्हणणे मला मान्य आहे.

अडचण प्रत्यक्ष करताना येते. शेजारणींबरोबर तळजाईची टेकडी चढले, त्या दिवशी छान वाटले आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना. एका योगवर्गात पहिल्याच आठवड्यात सर्वांबरोबर बारा सूर्यनमस्कार घालायला लावले. फिजिओथेरपीच्या केंद्रात यंत्राचे करंट आणि शेक दिला. आराम पडे तो संध्याकाळपर्यंत. आणि बऱ्या दिवशी घरातली साचलेली कामे हातावेगळी करण्याचा मोह आवरत नाही, हेही खरे.

म्हणून विचारते. फायब्रोमायल्जियाच्या रुग्णाला टप्प्याटप्प्याने व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कोथरूड, सहकारनगर किंवा सिंहगड रस्ता या भागांत कोणाला माहीत आहेत का? कोमट पाण्यातील व्यायामाचा फायदा होतो असे वाचले आहे, परंतु माझ्या पाहण्यातले जलतरण तलाव थंड पाण्याचे आहेत आणि मला पोहता येत नाही. छातीएवढ्या कोमट पाण्यात कोणी व्यायाम करून घेते का? दोर, खुर्ची, लोड यांच्या आधाराने आसने करवणाऱ्या अय्यंगार पद्धतीचा अनुभव याच आजारात कोणी घेतला आहे का? तेलाचे अभ्यंग मी करते, त्याने बरे वाटते, तेव्हा त्यावर वाद नको. ‘माझ्या मावशीला अमुक काढ्याने गुण आला’ अशा स्वरूपाचे सल्ले कृपया देऊ नयेत.

प्रतिसाद

ताई, मी चिंचवडची, याच आजाराची जुनी रुग्ण. तुमच्या भागातले नाव मला सुचवता येणार नाही, पण माझ्या फिजिओथेरपिस्टने घालून दिलेली पद्धत सांगते. सर्वांत वाईट दिवशी तुम्ही न थांबता जितके चालू शकता, त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करायची. ते अंतर हास्यास्पद वाटेल इतके कमी असते आणि तसेच असायला हवे. चढ नको; सोसायटीचे पार्किंग पुरते. बऱ्या दिवशी त्याहून जास्त चालायचे नाही आणि वाईट दिवशी शक्यतो शून्यावर यायचे नाही. हा नियम पाळणे मला चालण्यापेक्षा अवघड गेले. एक-दोन आठवडे तेवढेच निभावले की मिनिटभर वाढवायचे. वाढवल्यावरचे दुखणे दुसऱ्या दिवसाच्या पलीकडे टिकले, तर मागच्या पायरीवर यायचे. सकाळी अंग आखडलेले असते, म्हणून मी संध्याकाळी पाचनंतर चालते. रबरी पट्ट्याचे ताकदीचे व्यायाम चालणे अंगवळणी पडल्यावरच सुरू केले.

फिजिओथेरपिस्ट निवडताना आधी फोनवर विचारा की या आजारासाठी ते काय करून घेतात. उत्तरात फक्त यंत्रांचीच नावे आली, तर तिथे जाऊ नका. आणखी दोन गोष्टी: ड्युलोक्सेटिन मनाने एकदम बंद करू नका, आणि दुसऱ्या कोणी डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल हे तीव्र वेदनाशामक लिहून दिले, तर आपण ड्युलोक्सेटिन घेतो हे त्यांना आवर्जून सांगा, कारण ती दोन्ही एकत्र घेणे धोक्याचे ठरू शकते. घोरण्याची तक्रार असेल, तर झोपेत श्वास अडखळतो का हेही तपासून घ्या. माझ्या थकव्याचे निम्मे कारण तेच निघाले.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार, ताई. वाईट दिवसाच्या निम्मे म्हणजे माझ्या बाबतीत इमारतीच्या दारापासून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, तेही एकाच बाजूने. तेवढ्यापासून सुरुवात करते आणि घोरण्याविषयी घरच्यांना विचारते. एक शंका राहते: ऑफिसचे दोन जिने आणि स्वयंपाकघरातले उभे राहणे तुम्ही या हिशेबात धरता की चालणे तेवढेच मोजता? कोमट पाण्याविषयी कोणाला माहिती असल्यास जरूर लिहावे.