जन्मजात मोतीबिंदू उशिरा काढला तर मेंदू पाहायला शिकतो का?

प्रश्न
ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून बंद ठेवला, तेव्हा तो उघडल्यावरही त्यांना त्याने जवळजवळ दिसत नसे. 'क्रिटिकल पिरियड'ची, म्हणजे मेंदूला पाहायला शिकण्यासाठी लहानपणीचा ठरावीक काळच असतो ही कल्पना तिथूनच रूढ झाली. मग एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या भारतातील जन्मांध मुलांवर उपचार करणाऱ्या प्रकल्पात आठ वर्षांपुढच्या मुलांनाही शस्त्रक्रियेनंतर दिसू लागते, याची संगती कशी लावायची?

प्रतिसाद १
त्या पिल्लांचा दुसरा डोळा उघडा होता आणि मिटलेल्या डोळ्याच्या वाट्याचा मेंदूचा भाग त्याने बळकावला होता. या मुलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने तशी चढाओढ झालेली नसते. तरीही उशिराची किंमत मोजावी लागतेच, कारण बारीक तपशील टिपण्याची तीक्ष्णता बहुधा कायमची अधू राहते. म्हणून नवजात बाळाच्या डोळ्यांतील दाट मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांतच काढावा असे नेत्रतज्ज्ञ सांगतात.

प्रतिसाद २
तीक्ष्णता आणि ओळख या वेगळ्या बाबी आहेत. हाताने ओळखलेला घन आणि गोल जन्मांधाला दृष्टी येताच नुसत्या नजरेने ओळखता येईल का, असे मॉलिन्यू या आयरिश विचारवंताने 1688 मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकला विचारले होते. सिन्हांच्या गटाने 2011 मध्ये 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांची शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत परीक्षा घेतली. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार नजरेने पाहून नजरेनेच जुळवताना 92 टक्के उत्तरे बरोबर आली. चाचपलेला आकार नजरेने निवडताना मात्र 58 टक्केच, म्हणजे नाणेफेकीहून फारसे बरे नाही. पुढे ज्यांची पुन्हा परीक्षा घेता आली त्यांच्यात काही दिवसांतच लक्षणीय सुधारणा दिसली, आणि माझ्या मते खरे उत्तर या सुधारणेतच आहे.

प्रतिसाद ३
या सुधारणेत हालचालीचा वाटा मोठा असावा. एकमेकांवर आलेले वर्तुळ आणि चौकोन दाखवले, तर नुकती दृष्टी आलेली व्यक्ती सामाईक भागाला तिसरी वस्तू समजते. पण एक आकृती हलू लागली की ती सलग दिसते.

प्रतिसाद ४
सगळेच सरावावर सोडू नये. 2015 च्या अभ्यासात नऊ मुलांना दृष्टी येताच पाँझो आणि म्युलर-लायर हे लांबीविषयीचे दृष्टिभ्रम झाले; उदाहरणार्थ, पाँझो भ्रमात रुळांसारख्या जवळ येणाऱ्या रेषांमधल्या दोन समान पट्ट्यांपैकी वरची त्यांनाही लांब वाटली. असे भ्रम परिप्रेक्ष्याच्या (दूरच्या गोष्टी लहान दिसण्याच्या) दीर्घ अनुभवातून येतात, या जुन्या स्पष्टीकरणाला त्यामुळे चांगलाच धक्का बसला.